सर्वानुमते मंजूर झालेलं चिन्ह

माझ्या हातून झालेल्या सगळ्यात वाईट कामाचं जितकं कौतुक झालं, तितकं दुसऱ्या कशाचंच झालं नाही. सांगलीतल्या एका नाट्यसंस्थेचं ते बोधचिन्ह. सत्तरच्या दशकात, सासरच्या माडीवर बसून मी ते काढलं. अजूनही कुणाच्या घरी त्या संस्थेचं जुनं प्रशस्तिपत्रक भिंतीवर टांगलेलं दिसलं, की मी त्याच्याकडं पाठ करून बसते. यजमानांना वाटतं बाईंना उकडतंय, आणि ते पंखा लावतात.

मी मूळची वाईची. पुण्याला मावशीकडं राहून कमर्शियल आर्ट शिकले. हे सांगितलं की लोक विचारायचे, "म्हणजे पाट्या रंगवता का?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची, नंतर नुसतं 'हो' म्हणायला लागले. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा माझा ड्रॉइंग बोर्ड रुखवताशेजारी टेकवून ठेवला होता. तोही रुखवतातलाच समजून बायकांनी त्यावर लाडवांची परात ठेवली. तुपाचा तो डाग पुढं कधी निघाला नाही.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते वकील होते, पण कोर्टात कमी आणि संस्थेत जास्त दिसायचे. संस्थेचे ते कार्यवाह. घरात कुणाचं आजारपण असो की बारसं, आधी संस्थेची तालीम कधी आहे ते बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं. सासूबाई म्हणायच्या, "त्यांचं लग्न आधी संस्थेशी लागलं, मग माझ्याशी." हे चिडून नव्हे, गाव कुठलं विचारल्यावर सांगावं तसं सांगायच्या. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट होते. स्वभावानं इतके गरीब, की भाजीत मीठ नसलं तरी शेजारच्या वाटीतलं लोणचं घेऊन जेवण संपवायचे.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा पुण्याच्या माझ्या सरांचा निरोप आला. साताऱ्याला एक ट्रस्ट जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभं करत होता. वस्तूंखाली लावायच्या माहितीच्या पट्ट्या, नकाशे, दारावरचा फलक, पुस्तिका आणि संग्रहालयाचं स्वतःचं चिन्ह, हे सगळं करायला त्यांना कायमचं माणूस हवं होतं. तिथले व्यवस्थापक सरांचे मित्र. सरांनी माझं नाव सांगितलं आणि ते 'या' म्हणाले. त्याच सुमारास ह्यांना सातारा भागातल्या एका कारखान्याकडून विचारणा झाली होती. म्हणजे दोघांनी मिळून जायचं, अडचण काहीच नाही. शिवाय वाई तिथून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी मी भाकरी थापताना गात होते. सासूबाईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

आपल्या कामासाठी बांधलेल्या जागेत रोज सकाळी डबा घेऊन जायचं, तिथली खरी वस्तू हातात घेऊन तिच्याबद्दल अक्षरं काढायची, एवढंच माझं स्वप्न होतं. मला मुंबई नको होती, नाव नको होतं. घराबाहेर एक जागा हवी होती, जिथं मला कुणी मध्येच "जरा दूध बघ गं" म्हणणार नाही.

मामंजींना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. ते कुणालाच कधी नाही म्हणायचे नाहीत, हीच तर पंचाईत होती. "जायचंच की," ते म्हणाले. "शिकलीस ते काय चूल फुंकायला? फक्त एक कर. संस्थेचा सुवर्णमहोत्सव तोंडावर आलाय आणि आम्हाला अजून साधं बोधचिन्ह नाही. घरात एवढी कलाकार असताना बाहेर कुणाला सांगायचं? चिन्ह मंजूर झालं, की मी स्वतः तुम्हाला एस. टी.त बसवून देतो."

मला वाटलं, पंधरवड्याचं काम.

इथं त्या संस्थेची एक रीत सांगायला हवी. कुठलाही ठराव बहुमतानं मंजूर करायचा नाही. सगळ्यांनी हात वर केला तरच मंजूर. एकानं जरी मान हलवली तरी विषय पुढच्या सभेला. फार पूर्वी म्हणे एकदा मतं पडली आणि संस्थेची दोन शकलं झाली. दोघांनी एकाच रात्री, एकाच नाटकाचा प्रयोग लावला, आणि दोन्हीकडं प्रेक्षकांत फक्त नातेवाईक होते. पुढं सगळे पुन्हा एकत्र आले ते ही शपथ घेऊनच. तेव्हापासून सर्वानुमते. मामंजी हे परक्या माणसाला फार अभिमानानं सांगायचे, आणि मलाही ऐकायला बरं वाटायचं.

पहिलं चिन्ह मी आठवड्याभरात केलं. नाटक सुरू होताना पडदा वर जायला लागतो, तेव्हा खालून आधी उजेडाची एक फट दिसते. आख्खं नाट्यगृह त्या क्षणी गप्प होतं. मी तेवढंच काढलं होतं. काळा चौकोन, आणि तळाशी किंचित वाकलेली उजेडाची पट्टी. भिंतीवर रंगवा नाहीतर शिक्क्यावर कोरा, तसंच दिसलं असतं. मी ते भिंतीला टेकवून ठेवून येता-जाता बघत होते. स्वतःच्या कामावर इतकी खूश मी पुढं कधी झाले नाही.

सभा आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत व्हायची. मी मधल्या खोलीत भडंग परतत असायची. सभेत सुनेनं बसायचं नाही असा काही नियम नव्हता. बसावं असं कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच. त्यामुळं माझ्या चित्राबद्दलची सगळी चर्चा मी दाराआडून ऐकली. आधी कागद हातोहात फिरला. मग एक जुने गायक नट खाकरले आणि म्हणाले, "पडदा अडकला काय हो?"

कुणीतरी हसलं. पण ते गंभीर होते. "नाही, आपल्या संस्थेचा पडदा आजवर कधी अडकला नाही. लोकांचा उगीच गैरसमज व्हायचा."

मामंजी म्हणाले, "सूचना करा."

हळदीच्या पेठेतले एक व्यापारी सभासद म्हणाले, साधेपणा चांगला, पण सांगलीची खूण दिसत नाही. देवस्थानाशी संबंधित असलेले एक गृहस्थ म्हणाले, गणपतीशिवाय आरंभ कसा करायचा? गायक नटांना तंबोरा हवा होता. सभा उठल्यावर मी माडीवर गेले, तेव्हा मामंजी जिना चढून आले, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सगळ्यांना आवडलंय. फक्त थोडं..."

'फक्त' या शब्दाची मला आजही धास्ती आहे.

दुसरं चिन्ह नेलं, तिसरं नेलं. तंबोरा आला तेव्हा पडद्याची पट्टी गेली. गणपती आला तेव्हा तंबोरा बाजूला सरकला. मग एक निवृत्त सुभेदार होते, ते म्हणाले की आपल्या नाटकांत एवढी ऐतिहासिक नाटकं, तलवार नाही हे बरं दिसत नाही. कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक एक ओळ घेऊन आले. ती ओळ इतकी लांब होती, की चिन्हाभोवती गुंडाळली तरी शेवटची दोन अक्षरं उरायची. दर महिन्याला सभा, दर महिन्याला एकाची मान हलायची. ज्याची सूचना मागच्या वेळी घेतली तो खूश, आणि त्याला घेतलं मग मला का नाही म्हणून दुसरा नाराज.

कृष्णाकाठच्या एका गावचे पाटील होते. उसाचे मोठे बागाईतदार. नाटकांचं भलतं वेड. त्यांचा आवाज मधल्या खोलीतच काय, परसातही ऐकू यायचा. एका सभेत ते म्हणाले, "आवं वकीलसायेब, मांडवाला बांबू आमचं, गाड्या आमच्या, फुडं बसून टाळ्या वाजवनारी मानसं बी आमच्याच गावची. मग ह्या चिन्नात आमी कुटं हाय? येक ऊस तेवडा काडा की. लय न्हाई, दोन पेरांचा."

सगळे हसले. मलाही आत हसू आलं, आणि हसता हसता एकदम डोळे भरून आले. कारण माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. भडंगाची परात तशीच ठेवून मी परसात गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

तेवढ्यात दुष्काळाचं ते मोठं वर्ष आलं. माण तालुक्यातली माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, आमच्या ताटात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आली. महोत्सव पुढं ढकलला. अशा वेळी नाटकं कसली करायची, हे बरोबरच होतं. साताऱ्याचं बांधकामही थांबलं, आणि ह्यांना बोलावणाऱ्या कारखान्याकडं गाळायला ऊसच नव्हता. सगळीकडून निरोप एकच, थांबा. मी थांबले. चिन्हाची चर्चा मात्र थांबली नाही. खाण्यापिण्याला तोटा होता तरी महिन्याची सभा व्हायची, आणि माझा कागद वरून खाली, खालून वर जात राहायचा.

त्या माडीचं काय सांगू? उन्हाळ्यात तिथं शाई दौतीतच घट्ट व्हायची. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची आणि भिंतीवरचा, रंग उडालेल्या जाहिरातीतला दंतमंजनवाला. मी एक रेघ ओढायची आणि मनात विचार यायचा, ही रेघ कुणाला खुपेल? पुण्याला असताना हात पुढं जायचा आणि डोकं मागून. आता हात कागदावर टेकायच्या आधीच मला मधल्या खोलीतले आवाज ऐकू यायचे.  ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं. पण बाबांना कसं सांगायचं?" प्रत्येक वेळी हेच. एकदा मी इतकी चिडले, की ब्रश भिंतीवर फेकला. ह्यांनी तो उचलला, धुतला आणि जागेवर ठेवला. अशा माणसावर किती चिडणार?

पाऊसपाणी झालं. महोत्सवाची तारीख धरली. साताऱ्याच्या इमारतीवर छप्पर चढलं आणि व्यवस्थापकांचा निरोप आला, की दसऱ्यापर्यंत या, त्यानंतर मला थांबता येणार नाही. कारखान्यानंही पुन्हा विचारलं. माझ्या हातात सभा एकच उरली होती.

तेव्हा मी ठरवलं, सगळ्यांना सगळं देऊन टाकायचं.

परातीएवढा कागद घेतला आणि बारीकातल्या बारीक निबेनं बसले. मधोमध रंगमंच, त्याचा झालरीचा पडदा. वर गणपती. डाव्या बाजूला तंबोरा, उजव्या बाजूला हळदीचं रोप. ऊस तंबोऱ्याला समांतर उभा केला, म्हणजे तोल राहिला. खाली नदीच्या लाटा, लाटांवर घाट, घाटावर समई. तलवार आडवी, आणि तिच्यावर संस्कृतची ओळ फितीसारखी गुंडाळून. तेवढ्या आकारात ते वाईट दिसत नव्हतं. देवघराच्या पितळी दारासारखं भरगच्च दिसत होतं. पण चिन्ह म्हणजे काय, हे मी शिकले होते. एखादा माणूस एस. टी.तून जाताना नुसती नजर टाकील आणि ओळखील, ते चिन्ह. हे काही चिन्ह नव्हतं. हे लग्नातलं जेवणाचं पान होतं. मला ते कळत होतं, आणि तरी मी मन लावून काढलं, कारण मला जायचं होतं.

सभेत कागद नेहमीसारखा फिरला. पण यावेळी तो कुणी पटकन पुढं सरकवेना. प्रत्येकजण कागदात आपापली वस्तू शोधत होता. मग एकेकाचा आवाज फुटायला लागला. पाटील तर ओरडलेच, "ह्यो बगा आमचा ऊस! दोन पेरं मागितलीवती, पोरीनं तीन काडल्यात!" सगळे हात वर गेले. टाळ्या वाजल्या. मी माडीवर पोचले नाही तोच मामंजी पेढा घेऊन जिना चढून आले. त्यांचे डोळे ओले होते. "सर्वानुमते," एवढंच म्हणाले, आणि पेढा त्यांनी स्वतः माझ्या हातावर ठेवला.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आता सामान बांधायला घ्या."

मी सामान बांधलं. ट्रंकेत साड्या खाली आणि रंग वर. सासूबाईंनी मसाल्याच्या बरण्या भरल्या, मेतकूट करून दिलं. ह्यांनी कारखान्याला होकार कळवायचा कागद लिहून ठेवला, पोस्टात टाकायचा तेवढा बाकी होता. ते चार-सहा दिवस मी घरात पाहुण्यासारखी वावरले. प्रत्येक गोष्ट शेवटची म्हणून करत होते. खिडकीतला दंतमंजनवालासुद्धा मला त्या दिवसांत आवडायला लागला होता.

मग छापखान्याचे मालक आले. पुण्याहून जस्ताचा ब्लॉक बनून आला होता आणि त्यांनी संस्थेच्या कागदाच्या कोपऱ्यात तो छापून बघितला होता. नाण्याएवढा. कोपऱ्यात एक काळा ठिपका होता. गणपतीची सोंड उसात गेली होती, उसानं तंबोरा खाल्ला होता, आणि ओळीच्या जागी मुंग्यांची रांग. बिचारे संकोचून म्हणाले, "वकीलसाहेब, शाई जरा जास्त झाली असेल." दोनदा पुन्हा छापून आणलं. शाईचा दोष नव्हता. एवढ्याशा जागेत एवढी माणसं बसवली, की असंच होणार. मला ते आधी दिसायला हवं होतं. जायच्या घाईत मी नाण्याएवढं करून बघितलंच नव्हतं.

मी म्हणाले, "मामंजी, चार गोष्टी कमी करू या."

त्यांनी विचारलं, "कुठल्या चार?"

मी मनात एकेक वस्तू काढून बघायला लागले. ऊस काढला तर पाटील मान हलवणार. हळद काढली तर पेठ रुसणार. गणपतीचा तर विषयच नको. एक गोष्ट काढायची तरी सर्वानुमते काढावी लागणार, आणि ज्याची काढायची तोच हात खाली ठेवणार. चिन्ह एकदा मंजूर झालं म्हणजे ते आता कुणालाच बदलता येत नव्हतं. मामंजींनाही नाही, मलाही नाही.

उपाय एकच होता, आणि तो सुचवायला मीच शहाणी निघाले. जसा आकार, तसं चित्र वेगळं काढायचं. कागदाच्या कोपऱ्यासाठी तीन फटकाऱ्यांचा गणपती आणि दोन रेघांचा ऊस. निमंत्रणपत्रिकेसाठी थोडं भरीव. बिल्ल्यासाठी वेगळं, तिकिटासाठी वेगळं, रबरी शिक्क्यासाठी वेगळं, पडद्यासाठी वेगळं. प्रत्येकात सगळ्यांच्या सगळ्या वस्तू आहेत असं वाटलं पाहिजे. कुठल्या रेघेत काय बसवायचं आणि काय नुसतं भासवायचं, हे मलाच माहीत. हे काम दुसऱ्या कुणाला देता येण्यासारखं नव्हतं. सुटका व्हावी म्हणून जे काढलं, त्यानंच मला त्या माडीवर टाके घालून शिवून टाकलं होतं.

"महोत्सवापुरतं काढ," मामंजी म्हणाले. "साताऱ्याची काळजी तू करू नकोस. मी त्या व्यवस्थापकांना महोत्सवाला बोलावून घेतो. तुझं काम डोळ्यांनी बघू देत ना. तुझी जागा कुठं जात नाही."

ते अगदी मनापासून बोलत होते. मी ट्रंक उघडली आणि रंग बाहेर काढले.

व्यवस्थापक खरंच आले. सातारा-सांगली एस. टी.नं धुळीनं माखून उतरले, हातपाय धुतले आणि तडक नाट्यगृहात. बारीक अंगाचे, चष्मा लावलेले, कोट घातलेले. सर म्हणायचे, याला नजर आहे. पडद्यावर माझं चिन्ह रंगवलं होतं. पूर्ण रंगमंचाच्या रुंदीचं, समईच्या ज्योतीला सोनेरी रंग दिलेलं. ते त्याच्याकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस हसणार. खरं सांगायचं, तर मी देवाला तेच मागत होते. तो हसला असता, तर मी म्हणणार होते, हे माझं नव्हे, माझं काम दुसरं आहे, घरी चला, दाखवते. पहिला तो काळा चौकोन मी कपाटात जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडं चहाला आले. मामंजी, हे आणि ते बाहेरच्या खोलीत. मी चहा घेऊन गेले आणि यावेळी आत परत गेले नाही. दाराशी उभी राहिले. सासूबाईही माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"कमाल केलीत तुम्ही," व्यवस्थापक मला म्हणाले. "आमच्याकडंही विश्वस्त आहेत हो. एकाला चिन्हात तोफ पाहिजे, एकाला किल्ला पाहिजे, एकाला देवीच पाहिजे. दोन वर्षं भांडतायत. तुम्ही इथं सगळ्यांना जागा दिलीत आणि कुणाला दुखवलं नाही. असं डोकं मला पाहिजे होतं. आम्हाला अगदी असंच करून द्या."

मामंजींचा चेहरा फुलला. तरी माझी आठवण त्यांनी ठेवली होती. त्यांनीच विचारलं, "मग पाठवू कधी यांना?"

"पाठवायचं कशाला?" व्यवस्थापक म्हणाले. "तिथं अजून नुसती धूळ आहे. बाईमाणसाला धड बसायला जागा नाही. आणि काम तर इथं उत्तम होतंय. आमचा शिपाई वस्तूंची मापं आणि माहिती एस. टी.नं पाठवत जाईल, यांनी पट्ट्या करून परत गाडीत टाकायच्या. चिकटवायला मी एक पोरगा ठेवलाय."

मामंजी माझ्याकडं वळले. लहान मुलाला खाऊ द्यावा तसे. "बघ, जावंही लागलं नाही!"

मी म्हणाले, "मला तिथं यायचं होतं."

मोठ्यानं म्हणाले. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "येणारच की! उद्घाटनाला पहिल्या रांगेत." मामंजीही हसले. हे बशीतल्या भडंगातले शेंगदाणे वेचत होते. सगळे वेचून झाले तरी ह्यांची बोटं बशीतच फिरत राहिली. सासूबाईंनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

कपाटातला चौकोन मी काढला नाही. ज्याला दाखवायचा, त्याला दुसरंच आवडलं होतं.

फार दिवस मी स्वतःला विचारत होते, तेव्हा मी भांडले का नाही? भांडायला समोर एखादा तरी वाईट माणूस लागतो. आमच्या घरात तो नव्हता. मामंजींनी शब्द मोडला नव्हता. व्यवस्थापकांनी मला काम दिलं होतं, नाकारलं नव्हतं. पाटलांनी तर महोत्सवानंतर मला उसाची मोळी पाठवली होती, पोरीला खायला म्हणून. मी कुणाचं नाव घेऊन रडणार? ह्यांनी कारखान्याचा तो कागद पोस्टात टाकला नाही. "आता जाऊन काय करायचं?" म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं बिनचूक होतं.

साताऱ्याचं पहिलं गाठोडं आलं त्याच आठवड्यात मामंजींनी माडीवरची त्यांची स्वतःची खोली माझ्यासाठी रिकामी केली. वकिलीची पुस्तकं खाली नेली. सांगत होते, "सुनेला स्टुडिओ पाहिजे. कोपऱ्यात बसून किती दिवस काढणार ती?" मिरजेहून सुतार बोलावला. सागवानी टेबल, पुढून तिरकं होणारं, बाजूला निबा ठेवायचे कप्पे. मापं त्यांनी मला न विचारता, माझा ड्रॉइंग बोर्ड मोजून घेतली होती. चार दिवस वर ठोकाठोक चालू होती. मला वर जायला बंदी.

पाचव्या दिवशी मला बोलावलं. सगळं घर जमलं होतं. टेबलाला पॉलिशचा वास येत होता. सुतारानं दोन्ही हात टेबलावर टेकून जोर देऊन दाखवला आणि म्हणाला, "वैनी, बिनघोर काम करा. लय मजबूत जोडलंय. हितंच बसून जोडलं, दारातनं आत आलंच नसतं. आता हे ह्या खोलीतनं भायेर बी निगायचं न्हाई. काडायचं म्हनलं तर भिंत पाडाय लागंल."

"कशाला काढायचंय?" मामंजी म्हणाले आणि सगळे हसले. साताऱ्याचं सुतळीनं बांधलेलं गाठोडं त्यांनी आधीच टेबलावर मधोमध आणून ठेवलं होतं. ते हात मागं बांधून उभे राहिले. आयुष्यभर नाटकात राहिलेला माणूस, पडदा पडल्यावर किती वेळ थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"आवडलं ना?"

मी लाकडावरून हात फिरवला. "हो, मामंजी," मी म्हणाले. "फार आवडलं."

खोटं नव्हतं ते. एवढं चांगलं टेबल मला साताऱ्याला कुणी दिलं नसतं.